निरुत्तरांची शिकवणी

५ मे

इंग्रजी संभाषणाचा वर्ग आजपासून सुरू केला. दिवाण भिंतीला सरकवला आणि ह्यांची खुर्ची गॅलरीत हलवली. बारा वाजेपर्यंत आत यायचं नाही, असं ह्यांना बजावलं. हे म्हणाले, "हूं." लग्न झाल्यापासूनची कितीतरी वर्षं मी या 'हूं'चा अर्थ लावण्यात घालवली. आता सोडून दिलं आहे.

निवृत्त झालेल्या बायका भजनी मंडळात जातात. मीही गेले होते, दोनदा. दोन्ही वेळा त्यांचे उच्चार सुधारले. तिसऱ्यांदा निरोपच आला नाही. इंदूरला इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, पुढं इथं भोपाळला मंत्रालयात जन्मभर साहेबांची इंग्रजी पत्रं दुरुस्त केलेली बाई कोटरा सुल्तानाबादला बसून कैरीचं पन्हं करते, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं.

विद्यार्थिनी दोन. शिल्पा ही शेजारच्या मनोरमेची सून. मेघा ही मागच्या गल्लीतल्या सुमित्राबाईंची. मेघाला मुलाच्या शाळेत बाईंशी बोलायचं असतं, तेवढ्यापुरतं इंग्रजी हवं. शिल्पाचं काम मोठं आहे. चार इमलीच्या बंगल्यांतल्या बड्या साहेबांची मुलं जातात त्या शाळेत रिसेप्शनवर जागा निघाली आहे, आणि या महिन्यातच मुलाखत आहे. लग्नाआधी ती उज्जैनला बँकेत होती. लग्न झालं, नोकरी सुटली, सहा वर्षं गेली. ही जागा मिळाली नाही तर पुन्हा विचारायची हिंमत होणार नाही, असं ती म्हणाली. म्हणताना रडली नाही, हे मला आवडलं.

मनोरमा माझी तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरपासूनची मैत्रीण. सुनेने नोकरी करू नये असं तिचं स्पष्ट मत आहे. तरी वर्गाला परवानगी दिली. कारण विचारलं तर म्हणाली, "अगं जाऊ दे नं. मुलाखतीत तोंड उघडणार नाही ती. एकदा नापास झाली की आपोआप गप्प बसेल."

आणि शिल्पाचा नवरा गिरीश, सरकारी इंजिनीअर. त्याचं मत विचारलं तर म्हणतो, "देखते हैं."

८ मे

आज लटकी मुलाखत घेतली. मी प्रिन्सिपल झाले. चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, सहा वर्षं नोकरी का केली नाहीत? शिल्पा सतरंजीकडे बघत बसली.

"काकू, याला उत्तरच नाहीये. खरं सांगितलं तर घरचं नाव खराब होतं. खोटं बोलले तर तोंडावर दिसतं."

"उत्तर नसलं तरी वाक्य पाहिजे," मी म्हटलं. "उत्तर नाही हे सांगायलासुद्धा बरोबर वाक्य लागतं. सांग बघू इंग्रजीत."

मेघा मध्येच म्हणाली, "नो कॉमेंट्स."

"ते पुढारी म्हणतात, पोलिसांच्या गाडीत चढताना."

शिल्पा म्हणाली, "देअर इज नो रिस्पॉन्स."

"ते डॉक्टर म्हणतात, पेशंट संपल्यावर."

मग मी फळ्यावर लिहून दिलं. आय अ‍ॅम अफ्रेड, आय हॅव नो रिस्पॉन्स टु दॅट. 'अफ्रेड'नंतर किंचित थांबायचं. मान खाली घालायची नाही. ओठांवर थोडं हसू, दात दिसू न देता.

मेघाला शंका आली. "पण काकू, घाबरलोय असं का म्हणून सांगायचं?"

"घाबरलो नाही म्हणूनच सांगायचं. इंग्रज असाच नम्र होता. नम्रपणे सगळं घेऊन गेला."

दोघींनी तासभर घोकलं. गॅलरीतून खाकरण्याचा आवाज आला. वर्गात व्यत्यय नको, म्हणून दार लावून घेतलं.

१३ मे

वाक्य वर्गाबाहेर पडलं आहे.

सकाळी मनोरमा आली ती वाट्टेल तशी चप्पल काढून. "विजया, माझ्या सुनेला काय शिकवलंस?"

"इंग्रजी. का?"

"काल विचारलं तिला, नोकरीचं खूळ डोक्यातून काढणार आहेस की नाही? तर कुकर लावता लावता माझ्याकडे वळली. शांतपणे. हसून. आणि काहीतरी इंग्रजी म्हणाली लांबलचक. मी तर चूपच झाले."

"अपमान केला का तिनं?"

"नाही नं! तोच तर त्रास आहे. अपमान केला असता तर मी रडले असते, गिरीशला सांगितलं असतं. आता सांगू काय? ती म्हणे होमवर्क करत होती."

मला हसू आवरलं नाही. हिच्या घरात सून गप्प राहिली तर ती तोंड फुगवते, आणि बोलली तर उलटून बोलते, असं ठरतं. तिसरी वाट आजवर नव्हती. ती मी काढून दिली, तीही व्याकरणशुद्ध.

गिरीशला हाच प्रश्न विचारलास का, म्हणून विचारलं. विचारला होता. तो 'देखते हैं' म्हणाला आणि मनोरमेने त्याला आमरस वाढला. मोठा विचारी आहे म्हणे. पुरुषांना गप्प बसायला वाक्य लागत नाही. नुसती बैठक लागते, ती त्यांना जन्मतः मिळालेली असते.

मनोरमा उठली आणि दारातच थांबली. म्हणाली, "ते वाक्य मलाही शिकव. तिच्यापेक्षा पक्कं."

१९ मे

दुपारची बॅच सुरू झाली. वेळ चार ते पाच. मनोरमा आणि सुमित्राबाई. सुना सकाळी, सासवा दुपारी. दोन्ही एकत्र घ्याव्यात असा विचार आला होता, पण मला माझ्या काचेच्या कपाटाची काळजी आहे.

नियम एकच. तासभर मराठी नाही, हिंदी नाही. जी बोलेल तिनं सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. सुमित्राबाई रोज कप विसळतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही, घरी सून करते म्हणून हाताला सवय राहिलेली नाही, असं म्हणून व्यायामासारखे विसळतात. मनोरमेनं मात्र एकदाही विसळले नाहीत. उज्जैनच्या घराण्याची आहे. दुसऱ्याच्या घरी नळाखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही.

नवलाची गोष्ट म्हणजे शिल्पा. सासूचा अभ्यास ती घरी स्वतः घेते. संध्याकाळी दोघी ओट्याशी उभ्या राहून तेच एक वाक्य म्हणतात. मी मनोरमेला फोनवर बोलण्याचा धडा दिला होता, 'येस, स्पीकिंग' वगैरे. तो शिल्पाने तेवढा करून घेतला आणि पुढचे सगळे बाजूला ठेवले. "आई, आधी एवढं पक्कं होऊ द्या, बाकी मग बघू." इतकी सेवाभावी सून मी पाहिलेली नाही. मनोरमेला किंमत नाही.

मनोरमेनं आज मला विचारलं, "म्हणजे हे वाक्य म्हटलं की विषय संपला, असंच ना?"

"साधारण तसंच," मी म्हटलं. चहा उतू जात होता.

२१ मे

शेजारी स्वयंपाक होईना. सासू विचारते, भाजी कोणती करतेस? सून नम्रपणे कळवते की तिच्याकडे उत्तर नाही. सून विचारते, मग मी काय करू आई? सासू 'अफ्रेड'नंतर थांबते, हसते, आणि कळवते की तिच्याकडेही नाही. उच्चार दोघींचेही निर्दोष. भिंतीला कान लावून ऐकले.

गिरीश रात्री आमच्याकडे जेवायला आला.

"काकू, घरात हे काय चाललंय? दोघी इंग्लिशमध्ये बोलतायत."

"तू तुझं मत सांगून टाक. नोकरी करू दे की नको?"

"देखते हैं, काकू."

त्याला पोळी वाढली नाही. भात होता, तो आपल्या हातानं घेतला. ह्यांनी त्याच्याकडे लोणच्याची बरणी सरकवली. दोघे 'हूं' आणि 'देखते हैं' करत पोटभर जेवले. त्यांच्यात कसलाही वाद झाला नाही.

२२ मे

मुलाखत झाली. मी दुपारपासून दारात होते. शिल्पा रिक्षातून उतरली ती सरळ माझ्याकडे आली. घरी नाही गेली.

"विचारलं का सहा वर्षांचं?"

"विचारलं काकू. पहिलाच प्रश्न."

"आणि वाक्य म्हटलंस?"

"नाही. खरं सांगून टाकलं."

"कोणत्या इंग्रजीत?"

तिनं म्हणून दाखवलं. सिक्स इयर्स आय वॉज वेटिंग फॉर परमिशन. सुरुवातीचा 'फॉर' गाळलेला, वाक्य मध्येच सुरू. मी कपाळाला हात लावला. पण प्रिन्सिपल मॅडम हसल्या म्हणे, आणि त्याही म्हणाल्या की मी चार वर्षं थांबले होते. आजकाल शाळांचं असंच झालं आहे. मापं उरली नाहीत.

निवड जवळजवळ झालेली आहे. एक विघ्न आहे. आधीच्या दोघी मुली घरच्यांनी हरकत घेतली म्हणून ऐन सत्रात सोडून गेल्या. त्यामुळे मॅडम आता पत्र देण्याआधी घरी फोन करतात आणि घरच्यांना काही म्हणायचं आहे का ते विचारतात. शिल्पानं मनोरमेचा नंबर दिला.

मी तिला चांगलं झापलं. "गिरीशचा का नाही दिलास?"

"ते 'देखते हैं' म्हणणार. मॅडम त्याला नकारच समजतात, त्यांनी सांगितलं तसं."

"आणि मनोरमा काय म्हणणार, अभिनंदन?"

"आईंना कोणती वेळ सोयीची, तेही विचारलं होतं. मी चार ते पाच सांगितलं."

"अगं वेडे, त्या वेळी तर ती इथे वर्गात असते! बदलून घे वेळ. सकाळी वर्गाआधीची दे, तू तिच्याजवळ असशील, निदान फोन हिसकावून घेशील."

"बघते काकू," म्हणाली. आणि मॅडम बोलताना इंग्रजीच बोलतात, हिंदी अगदी शेवटी, असंही जाता जाता सांगून गेली. हे मला का सांगितलं कोण जाणे. मुलाखतीच्या दगदगीने पोरीचं डोकं चालेनासं झालं असावं.

गॅलरीतून "हूं" आलं. रोजच्यापेक्षा वेगळं वाटलं. जाऊन पाहिलं तर पेपर तोंडापुढे, आणि पेपर हलत होता. वारा नव्हता. उन्हाचा त्रास होत असेल.

२३ मे

वेळ बदलली का, म्हणून शिल्पाला विचारलं. विसरली म्हणे. पुन्हा बजावलं. या पिढीला एकाच वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवता येत नाहीत.

२७ मे

जे झालं ते क्रमानं लिहिते.

चार वाजून गेले होते. सुमित्राबाई नियमाप्रमाणे सुरुवातीलाच "अरे देवा, काय ऊन" म्हणून बाद झाल्या होत्या. ट्रे त्यांच्यापुढे होता. मनोरमेचा फोन वाजला. नंबर अनोळखी. 'तासाला फोन आला तर वर्गापुढे, इंग्रजीतच घ्यायचा' हा माझाच सराव होता, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकून मधल्या टेबलावर ठेवला आणि ऐटीत म्हणाली, "येस, स्पीकिंग."

पलीकडून प्रिन्सिपल बाई. आवाज साखरेचा, इंग्रजी आगगाडीचं. तुमच्या सुनेची निवड झाली आहे, काम पूर्ण दिवसाचं आहे, महिन्यातून दोन शनिवारही यावं लागेल, आणि त्याबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांना काही म्हणायचं असेल तर आत्ताच सांगावं, अशा अर्थाचं त्या बोलल्या.

मनोरमेला त्यातलं 'डॉटर-इन-लॉ' आणि 'सॅटर्डे' एवढं लागलं असावं. चेहरा लाल झाला. तोंड उघडलं ते मराठीसाठीच उघडलं होतं, मी ओळखलं. मी बोट ओठांवर ठेवलं. नियम म्हणजे नियम. सुमित्राबाईंनी आनंदानं कपांचा ट्रे तिच्याकडे सरकवला.

मनोरमेनं ट्रेकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. ताठ बसली, पदर सारखा केला.

"आय अ‍ॅम अफ्रेड," ती म्हणाली. थांबली. किती सुंदर थांबली! "आय हॅव नो रिस्पॉन्स टु दॅट."

मला भरून आलं. एवढं शुद्ध वाक्य मंत्रालयात माझ्या साहेबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"हाऊ लव्हली!" पलीकडून आलं. म्हणजे घरच्यांची हरकत नाही असं मी धरते, सोळा जूनपासून तिला पाठवा, अशी सासू सगळ्या मुलींना मिळो. आणि फोन बंद.

मनोरमा विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघत होती. डोळ्यांनीच विचारत होती, कशी ऐकवली?

माझ्या लक्षात आलं होतं. जन्मभर मी पत्रांच्या तळाशी एकच ओळ टाइप केली आहे, की मुदतीत उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजण्यात येईल. त्या ओळीखाली किती लोकांची किती कामं निघाली आणि किती बुडाली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण तास संपायला अजून वेळ होता आणि मीही नियमात बसले होते. इंग्रजीत समजावून मनोरमेला समजलं नसतं. त्यामुळे पाच वाजेपर्यंत आम्ही बाजारहाटाचा धडा घेतला.

पाच वाजता सांगितलं.

मनोरमेनं टेबलावरचा फोन उलटा ठेवला. मग मराठीत म्हणाली, "पण तू तर म्हणालीस, विषय संपतो."

"संपला की."

२८ मे

मनोरमा दिवसभर फोन हातात घेऊन होती. "पुन्हा लावू का त्या बाईला?"

"लाव. हिंदीत बोल. तिला येते."

"आणि काय सांगू? काल मी काय बोलले ते मलाच समजलं नव्हतं?"

"खरं ते सांग."

त्यावर तिनं फोन पर्समध्ये टाकला. उशीरही झाला होता. सुमित्राबाईंनी रात्रीतून साऱ्या गल्लीत आणि मराठी मंडळात सांगून टाकलं होतं की मनोरमाबाईंनी सुनेला नोकरीला पाठवायला स्वतः फोनवर, इंग्रजीतून, होकार दिला. दळण आणायला गेली तर चक्कीवर तिघींनी हात हातात घेतले. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी, भजनात ज्यांचे उच्चार मी सुधारले होते त्याच, घरी येऊन तिला श्रीफळ दिलं. मला नमस्कारही केला नाही.

संध्याकाळी मनोरमा नवी साडी नेसून दारापुढच्या ओट्यावर बसलेली दिसली. कुणी जाताना विचारलं की म्हणायची, "आजकालच्या मुलींना घरात कोंडून चालत नाही हो." हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी एकदम सफाईदार होतं.

गिरीश काय म्हणाला? त्यानं लग्नानंतर पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य उच्चारलं. "आता आईच हो म्हणाली, तर मी काय बोलणार?"

जणू आजवर बोलतच होता.

४ जून

शिल्पाला नेमणुकीचं पत्र मिळालं. पेढे घेऊन आली. मी सांगितलं, हे यश वाक्याचं आहे. तुझ्या मोडक्या इंग्रजीवर विसंबली असतीस तर अजून ओट्याशी असतीस. ती म्हणाली, "हो काकू, अगदी." नम्र आहे.

मेघानेही तिच्या सासूचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली आहे. सुमित्राबाई खूश आहेत. सुना अशा अभ्यासाला लागल्या तर भोपाळमध्ये इंग्रजीला बरे दिवस येतील.

१० जून

शेजारून मोठा आवाज. गिरीश विचारत होता, सोळापासून माझा डबा कोण करणार? मनोरमा म्हणाली, माझे गुडघे. शिल्पा म्हणाली, मी सातला निघणार. मी भिंतीशीच होते. नंतर कांदा चिरल्याचा आवाज आला, फार हळू, एका कांद्याला चांगली दहा मिनिटं.

ह्यांना सांगितलं. हे उठले आणि आमच्या स्वयंपाकघरात जाऊन चहाचा डबा कुठे असतो ते बघून आले. मी विचारलं, काय हवंय? "काही नाही," म्हणाले. दोन शब्द! पण अर्थ तोच.

१६ जून

शिल्पा आज रुजू झाली. सकाळी सव्वासातला कोपऱ्यावर शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. फिकी निळी साडी, खांद्याला पर्स, केस घट्ट. मनोरमा फाटकात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बेतानं हात हलवत होती. गिरीश डबा घेऊन धावत आला. त्याच्या शर्टाला हळद लागली होती. तिनं डबा घेतला, झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. पर्समध्ये ठेवला. खाईल बहुतेक.

मी तिला गाठलं. काही दिवस एक शंका मनात घोळत होती. शंका ठेवून मला झोप लागत नाही, म्हणून सरळ विचारलं.

"शिल्पा, ती चार ते पाचची वेळ तू मुद्दाम दिली होतीस का गं? आणि मनोरमेकडून ते एकच वाक्य इतकं घोकून घेतलंस, तेही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मान खाली नव्हती. ओठांवर थोडं हसू होतं, दात दिसत नव्हते.

"काकू, बस आली," म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडून बसमध्ये चढली.

मला वाईट वाटलं. एवढं शिकवलं, तासन्‌तास घोकून घेतलं, आणि सरळ प्रश्न समोर आला तर पोरीला वाक्य आठवू नये. पहिल्या दिवसाची धास्ती असणार. तरी रविवारी बोलावलं आहे, सुरुवातीपासून एकदा सगळं तपासून घेईन.